निनावी बियाणे, नामवंत पिशव्या

बियाण्याचे कायदे दिल्लीत घडतात; त्यांची फळे मात्र चिचगडच्या बांधीत भोगावी लागतात. छत्तीसगडच्या सीमेलगतच्या या धानपट्ट्यात पऱ्हे फसले, तर शेतकऱ्याला त्या वर्षी दुसरा मृग मिळत नाही.

१९६६ च्या बियाणे कायद्याने प्रमाणीकरण ऐच्छिक ठेवले. निळ्या टॅगची पिशवी निदान सरकारी यंत्रणेच्या नजरेखालून जाते. सत्यतादर्शक म्हणविणाऱ्या पिशवीबाबत कंपनी स्वतःच स्वतःची साक्षीदार! धानाची उगवण किमान ८० टक्के हवी, हा दंडक. तो मोडणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी या कायद्याने ठरविलेला कमाल दंड किती? ५०० रुपये. बुडालेल्या हंगामाचे हे मोल!

शेतकऱ्याच्या बाबतीत मात्र कायदेकर्त्यांची दक्षता जागी होते. २००४ च्या विधेयकात, त्याने शेजाऱ्याला विकलेले घरचे बियाणेही उगवण व शुद्धतेच्या किमान निकषांत बसले पाहिजे, अशी अट होती. ते विधेयक बारगळले हे बरेच झाले. वाणसंरक्षणाच्या २००१ च्या कायद्याने आपले बियाणे राखण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. पण नाममुद्रा लावून विकायचे नाही! नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसृत झालेल्या नव्या मसुद्याने बोगस बियाण्याचा दंड लाखांत नेला, हे स्वागतार्हच. नाममुद्रेची बंदी मात्र त्यातही कायम आहे.

या बंदीचा अर्थ काय, हे चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांच्याकडे पाहून कळावे. दीड एकराच्या या धन्याने १९८३ मध्ये ‘पटेल-३’ धानातील वेगळ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे जोपासून एचएमटी हा वाण सिद्ध केला. हातावरच्या घड्याळाचे नाव त्याला लाभले. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ प्रसारित केला. विदर्भाबाहेरही तो पिकला, व्यापाऱ्यांनी खपविला. दादाजींना पुरस्कार मिळाले, ‘फोर्ब्स’ने २०१० मध्ये दखल घेतली, २०१८ च्या जूनमध्ये ते गेले ते विपन्नावस्थेतच. स्वदेशीचा घोष करणाऱ्यांनी याचा जाब विचारायला नको काय?

तपासणी नको, असे आम्ही म्हणत नाही. उलट ती तालुक्याच्या ठिकाणी, विनाशुल्क आणि पेरणीपूर्वी व्हावी. चिचगडच्या शेतकरी गटाचे धान तीत उतरले, तर गावाच्या नावाने पिशवी शिवून विकण्याची मुभा त्यांना कायद्यानेच द्यावी, आणि तशी दुरुस्ती खासदारांनी संसदेत मांडावी.