रूळ कोणीं टाकले आणि नांव कोणाचें झालें?

वाडा सरदाराच्या नांवानें ओळखतात, देऊळ सावकाराच्या नांवानें. पण चिरा घडविणाऱ्या पाथरवटाचें नांव कोणास ठाऊक नसतें. हा अन्याय आपल्याच मुलखांत होतो अशी पुष्कळ वाचकांची समजूत असेल. त्यांनीं अमेरिकेंतील चिनी मजुरांची हकीकत ऐकावी.

ता. २८ एप्रिल १८६९ रोजीं सेंट्रल पॅसिफिक रेल्वेच्या मजुरांनीं एका दिवसांत दहा मैल रूळ टाकले. जड रूळ हातांनीं उचलून बसविणाऱ्या आठ आयरिश गड्यांचीं नांवें नोंदलीं गेलीं व तीं आजही पुस्तकांतून छापतात. त्याच दिवशीं, त्याच उन्हांत, चिनी मजुरांच्या टोळ्याच्या टोळ्या राबत होत्या. त्यांच्यापैकीं एकाचेंही नांव त्या यादींत नाहीं.

हे चिनी लोक होते तरी कोण? बहुतेक दक्षिण चीनमधील ग्वांगदोंग प्रांताचे शेतकरी. जमीन थोडी, खाणारीं तोंडें फार. त्यांत १८३९ ते १८४२ पर्यंत इंग्रजांनीं अफूच्या व्यापारापायीं चीनशीं लढाई केली. ती अफू आपल्याच देशांत पिकत होती. बिहारच्या रयतेकडून कंपनी सरकार ती पिकवून घेई, माळव्याची अफू मुंबई बंदरांतून जाई, आणि त्या धंद्यावर मुंबईचे शेटजी गबर होत. मागाहून १८५० पासून चौदा वर्षें ताइपिंग बंडानें तो देश होरपळून काढला. अशांत १८४८ सालीं कॅलिफोर्नियांत सोनें सांपडल्याची बातमी पसरली होती. भाड्याचे पैसे कर्जाऊ घेऊन, मजुरींतून फेडण्याच्या बोलीवर, पुष्कळ लोक जहाजांत चढले.

तेथें गेल्यावर काय वाढून ठेवलें होतें? खाणींत काम करणाऱ्या परदेशीयांवर कर बसला. १८५४ सालीं कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ न्यायालयानें ठरविलें कीं, गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष चालणार नाहीं. म्हणजे गोऱ्यानें डोळ्यांदेखत लुटलें, मारलें तरी चिन्यानें तोंड मिटून बसावें! मनुस्मृतींत वर्ण पाहून दंड कमीजास्त कसा होतो हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या निकालाचें नवल वाटणार नाहीं.

१८६५ पासून रेल्वे कंपनीनें चिनी मजूर मोठ्या प्रमाणावर घेतले. सिएरा नेवाडाच्या डोंगरांत, सुमारें सात हजार फूट उंचीवर, कठीण खडकांतून १,६५९ फूट लांबीचा बोगदा खणावयाचा होता. हातोडा, पहार आणि सुरुंग एवढींच हत्यारें. दिवसभर खपून कित्येकदां फूटभरच काम पुढें सरके. हिवाळ्यांत बर्फाचे कडे कोसळून माणसें गाडलीं जात, आणि उन्हाळ्यांत बर्फ वितळल्यावर प्रेतें हातीं लागत. महिन्याचा पगार तीस-पस्तीस डॉलर, त्यांतच पोटास खावयाचें. गोऱ्या मजुरास मात्र पगार निराळा आणि जेवण निराळें.

जून १८६७ मध्यें चिनी मजुरांनीं चाळीस डॉलर पगार व कामाचे तास कमी, एवढेंच मागून संप केला. हजारों माणसें शांतपणें आपल्या डेऱ्यांत बसून राहिलीं; दंगा नाहीं कीं मारामारी नाहीं. कंपनीचा चालक चार्ल्स क्रॉकर यानें त्यांचा शिधाच बंद केला. आठवडाभरांत उपासमारीनें संप मोडला. त्या वेळीं गोरे मजूर त्यांच्या पाठीशीं उभे राहिले नाहींत, ही गोष्ट वाचकांनीं गांठीस बांधून ठेवावी.

ता. १० मे १८६९ रोजीं सोन्याचा खिळा ठोकून रेल्वे पुरी झाली. त्या समारंभाच्या प्रसिद्ध छायाचित्रांत एंजिनें दिसतात, दारूच्या बाटल्या दिसतात; चिनी मजूर मात्र शोधूनच काढावा लागतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच!

पुढें धंद्यांत मंदी आली. गोरा मजूर बेकार झाला व खवळला. त्यानें राग धरावयाचा तो रेल्वेच्या मालकांवर. परंतु १८७७ पासून डेनिस कर्नी नांवाचा पुढारी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभांतून चिन्यांस हाकलून लावा म्हणून गर्जूं लागला. हा कर्नी स्वतः आयर्लंडांत जन्मलेला! १८४५ पासून बटाट्याचें पीक बुडून तेथें दुष्काळ पडला, तेव्हां आयरिश लोक उपाशी पोटींच अमेरिकेंत आले होते, आणि जुन्या गोऱ्यांनीं त्यांचीही हेटाळणीच केली होती. काल ज्यानें लाथ खाल्ली तो आज आपल्याहून दुबळ्यास लाथ मारूं लागला. १८८२ सालीं चिनी मजुरांस देशांत येण्याची बंदी करणारा कायदा झाला. १८८५ सालीं वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्स गांवीं गोऱ्या खाणमजुरांनीं २८ चिन्यांस ठार केलें व त्यांचीं घरें जाळलीं. एकासही शिक्षा झाली नाहीं.

कोणी म्हणेल, चिनी लोक स्वस्तांत राबून दुसऱ्याची भाकरी हिरावीत होते. मालकांनीं त्यांस संप मोडण्यासाठीं आणलें होतें हें खरें. पण मजुरी कमी कोणीं ठेवली? आणि त्यांनींच जास्त मजुरी मागितली तेव्हां त्यांस उपाशी कोणीं मारलें? चोर सोडून संन्याशास फाशी देण्याचा हा प्रकार. दोघांचें भांडण, तिसऱ्याचा लाभ. आणि तो तिसरा महालांत बसला होता.

धोब्याचा धंदाही त्यांस सुखानें करूं दिला नाहीं. लांकडी घरांत कपडे धुण्याचा धंदा करण्यास सॅन फ्रान्सिस्कोंत परवाना लागे. सुमारें दोनशें चिन्यांनीं अर्ज केले, ते सारे नामंजूर. इतर ऐशींनीं केले, ते एक सोडून सारे मंजूर. १८८६ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें हा पक्षपात रद्द ठरविला. मेमी टेप या आठ वर्षांच्या चिनी मुलीस शाळेंत घेईनात. १८८५ सालीं न्यायालयानें तिच्या बाजूनें निकाल दिला, तर अधिकाऱ्यांनीं चिनी मुलांची शाळाच वेगळी काढली! आपल्याकडे अस्पृश्यांच्या मुलांस वेगळें बसविणाऱ्या पंतोजींचे हे सख्खे भाऊच.

आतां आपल्या देशाच्या अब्रूची गोष्ट. १९२३ सालीं भगतसिंग थिंद या पंजाबी शीख गृहस्थाचा नागरिकत्वाचा खटला त्याच सर्वोच्च न्यायालयापुढें चालला. त्यांच्या बाजूनें मुद्दा काय मांडला? कीं उच्च जातीचा हिंदु आर्य आहे म्हणून गोरा आहे, आणि गोरा अमेरिकन काळ्यास जसा तुच्छ मानतो तसाच तो येथल्या मूळच्या लोकांस मानतो! एवढें सांगूनही न्यायालयानें त्यांस गोरें मानलें नाहीं, आणि कित्येक हिंदी लोकांचें मिळालेलें नागरिकत्वही गेलें. उच्च कुळाचा ताम्रपट समुद्रापलीकडे कवडीमोल ठरला. दुसऱ्यास खालीं ढकलून जो वर चढूं पाहतो, त्याची ही गत होते.

१८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस आपलें ‘गुलामगिरी’ पुस्तक अर्पण केलें. तें योग्यच होतें. पण पुढें नऊच वर्षांनीं त्याच देशानें चिन्यांस दार लावलें. तें १९४३ सालीं उघडलें, तेंही वर्षाला अवघ्या १०५ माणसांपुरतें. त्या रेल्वेमजुरांचा अमेरिकेच्या मजूर खात्यानें २०१४ सालीं गौरव केला, म्हणजे काम झाल्यावर जवळजवळ दीडशें वर्षांनीं. एक बेडी तुटली म्हणजे सर्व बेड्या तुटल्या असें समजूं नये.

शेतकरी बांधवांनो, अमेरिकेच्या गोऱ्या मजुरास नांवें ठेवणें सोपें आहे. आपल्या उसाच्या फडांत मराठवाड्यांतून जोडपीं तोडणीस येतात. नवराबायको दोघें राबतात आणि हिशेब होतो ‘एक कोयता’. त्या बाईचें नांव वहींत नसतें. तिची मजुरी तिच्या नांवानें लिहा, तिच्या मुलांस आपल्या गांवच्या शाळेंत बसवा, आणि कारखानदारानें तिच्याविरुद्ध तुम्हांस उभें केलें तर कर्नीची आठवण ठेवा.