गेम हुबेहूब, पण युद्ध नव्हे

भाईंदरहून चर्चगेटला निघालेल्या लोकलमध्ये मोबाइलवर लढाऊ विमान ‘उडवणारे’ तरुण नवे नाहीत. हवाई दलानेच ३१ जुलै २०१९ रोजी असा मोबाइल गेम आणला होता.

शत्रू कुठे आहे, आपली उंची-वेग किती, इंधन किती उरले, याचे सतत भान ठेवायला चांगला सिम्युलेटर शिकवतो. मात्र तीव्र वळणात शरीर अनेक पटींनी जड होते, डोळ्यांसमोर अंधारी येते. ते स्क्रीनवर जाणवत नाही.

खरा धोका हुबेहूब दिसण्यात आहे. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’वेळी गेममधील क्लिप खऱ्या हल्ल्याच्या म्हणून फिरल्या. गेम जरूर खेळावा; पण क्लिप फॉरवर्ड करण्याआधी ती कुठून आली, हे तपासावे.