शुश्रूषेची मर्यादा

घरांत कोणी आजारी पडलें कीं दहा हात सेवेस धावतात. परंतु अतिसेवा रोग्यास परावलंबी करते, याकडे वाचकांचें लक्ष वेधावें असें आम्हांस वाटतें.

लंडन येथें १८६० सालीं परिचारिकांची शाळा काढणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या मतें शुद्ध हवा, प्रकाश, स्वच्छता व शांतता यांची तजवीज करून निसर्गास आपलें कार्य करूं देणें, हेंच शुश्रूषेचें सार होय. पुढें अमेरिकेंतील व्हर्जिनिया हेंडरसन यांनीं १९६६ च्या ग्रंथांत आहार, निद्रा, श्वसन इत्यादि चौदा मूलभूत गरजा सांगितल्या. बळ, इच्छा वा ज्ञान यांच्या अभावीं रोग्यास जें साधत नाहीं तेवढेंच करावें, आणि तेंही तो सत्वर स्वावलंबी होईल अशा रीतीनें, हें त्यांचें सूत्र. डोरोथिया ओरेम यांनीं शुश्रूषेचे तीन प्रकार मानले: सर्व कांहीं करणें, कांहीं भार उचलणें, आणि केवळ शिकवून पाठबळ देणें.

आमच्या एकत्र कुटुंबांत पहिल्या प्रकारावरून पुढें सरकणेंच अवघड जातें. वैद्यांची अनुमति मिळतांच आजोबांच्या ओठांशीं धरलेला पेला त्यांच्या हातीं द्यावा. चार थेंब सांडले तरी चालतील. गेलेला आत्मविश्वास सहजीं परत येत नाहीं.