बँकॉकच्या फुटपाथवरचा आपला माणूस

बँकॉकच्या सुखुमवित रस्त्यावर किंवा खाओ सानच्या गल्लीत एकटादुकटा गोरा प्रवासी दिसला की गर्दीतून एक माणूस पुढे होतो. डोक्याला पगडी, अंगात इस्त्रीचा शर्ट, बगलेत चामडी पाकीट. "सर, तुमचा चेहरा फार भाग्यवान आहे," एवढेच म्हणतो आणि प्रवाशाच्या डोळ्यांत बघत उभा राहतो. प्रवासी थबकला की निम्मे काम झाले. हाच माणूस हाँगकाँगच्या चिम शा चुईत भेटतो, लंडनच्या मध्यवस्तीत भेटतो, सिडनी आणि मेलबर्नमध्ये भेटतो. वर्षानुवर्षे तिकडची वर्तमानपत्रे आणि पोलीस लोकांना त्याच्यापासून सावध करत आले आहेत. थायलंडमध्ये अशी माणसे पर्यटक म्हणून येऊन धंदा करताना पकडली जातात आणि त्यांची परत पाठवणी होते. काही महिन्यांनी त्याच फुटपाथवर दुसरे कोणी उभे असते. हा माणूस बहुतेक वेळा भारतीय असतो.

त्याची करामत सांगायला हवी, कारण तिच्यात दैवी असे काहीही नाही. तो कागदाचा लहानसा तुकडा घेतो, त्यावर काहीतरी खरडतो, चुरगळून त्याची गोळी करतो आणि ती प्रवाशाच्या मुठीत देतो. मग विचारतो, आवडते फूल कोणते? एक ते पाचमधला एखादा आकडा सांगा. आईचे नाव काय? उत्तरे तो दुसऱ्या कागदावर टिपत जातो, जणू काही ग्रहांचे गणित मांडतो आहे. बोलता बोलता मूठ उघडायला लावतो, गोळी कपाळाला लावायला सांगतो, तिच्यावर फुंकर मारायला सांगतो. या लगबगीत पहिली गोळी त्याच्या हाती परत जाते आणि आत्ताच लिहिलेली दुसरी प्रवाशाच्या हातात येते. कागद उलगडला की त्यावर फूल, आकडा आणि आईचे नाव. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळाशाळांतून हातातून अंगारा काढून दाखवतात, नारळातून 'करणी' काढून दाखवतात आणि मग ते कसे केले हेही मुलांना समजावतात. त्यातल्या कोणत्याही प्रयोगापेक्षा ही युक्ती अवघड नाही.

खरा गुन्हा यानंतर सुरू होतो. पाकीट उघडले जाते. आत एका दाढीवाल्या बाबांचा फोटो असतो, कधी अनाथ मुलांचा असतो. 'इथे काहीतरी ठेवा.' ठेवलेली नोट लहान असेल तर ती त्याला चालत नाही. मोठी नोट मागितली जाते, मग त्याहून मोठी. प्रवासी मागे सरला की आवाज बदलतो. तुमच्या घरात एक आजारी माणूस आहे, तुमच्यावर कोणाची तरी वाईट नजर आहे, येते तीन महिने जपा. घरापासून हजारो मैलांवर एकट्या असलेल्या माणसाला त्याच्या आईच्या जिवाची भीती घालायची आणि त्या भीतीचे पैसे घ्यायचे, यापेक्षा नीच कमाई मला ठाऊक नाही.

सुखुमवितवर मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. पंचविशीतली एक मुलगी होती, पाठीवर मोठी सॅक. आईचे नाव कागदावर पाहिले तेव्हा ती हसली होती. आईच्या प्रकृतीचा विषय निघाला तेव्हा तिचे डोळे भरून आले आणि तिने आपण होऊन पैशाचा पाऊच पुढे घेतला. मी जवळ गेलो तसा तो माणूस माझ्याकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "भाईसाहब, आप जाइए, ये आपके लिए नहीं है." माझ्यासाठी का नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला, "आपल्या लोकांना सगळे ठाऊक असते." मी इंग्रजीत त्या मुलीला गोळीची अदलाबदल सांगितली. ती गोंधळून दोघांकडेही बघत राहिली, मग पाऊच कमरेला घट्ट बांधून स्टेशनच्या जिन्याकडे चालू लागली. तोही गेला, रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर.

आपल्या लोकांना सगळे ठाऊक असते! हे खरे असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. आपल्या लोकांना ठाऊक नाही. त्याहून वाईट म्हणजे ज्यांना ठाऊक आहे तेही मुलीचे लग्न ठरवताना, फ्लॅटचा ताबा घेताना, निवडणुकीचा अर्ज भरताना त्याच कागदाच्या गोळीपुढे हात जोडून बसतात. फरक एवढाच, की इथे ती गोळी देणारा फुटपाथवर उभा नसतो. त्याचे वातानुकूलित कार्यालय असते, भेटीसाठी आगाऊ वेळ घ्यावी लागते, भिंतीवर मंत्र्यांबरोबरचे फोटो असतात.

परदेशात आपला माणूस असा पकडला गेला की आपल्याकडे एकच ओरड होते, देशाची बदनामी झाली. कोणाचे किती पैसे गेले, कोण मुलगी रात्रभर आईच्या काळजीने झोपली नाही, याची विचारपूस कोणी करत नाही. लाज वाटते ती पकडले गेल्याची. मला या समाजाला विचारायचे आहे, जो माणूस पुण्यात, नाशकात, सोलापुरात हेच करतो त्याच्या पाया पडताना ही लाज कुठे जाते? शनीची भीती घालून अंगठी विकणारा इथे 'गुरुजी' आणि तिथे 'भामटा', हा न्याय कुठला? बँकॉकचा तो माणूस आकाशातून पडलेला नाही. भीती घातली की माणूस पैसे देतो, हा धडा तो आपल्याच घरात, आपल्याच आईबापांना पैसे देताना पाहून शिकला आहे.

त्याच्या डोक्यावरच्या पगडीबद्दल वेगळे बोलले पाहिजे. शीख धर्माने फलज्योतिष, शकुन-अपशकुन, शुभाशुभ मुहूर्त नाकारले आहेत. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ साली मान्य केलेल्या 'रहत मर्यादा' या आचारसंहितेत ते स्पष्ट आहे. म्हणजे पगडी घालून भविष्य सांगणारा माणूस त्या पगडीचाच धर्म मोडत असतो, मग तो जन्माने शीख असो वा नसो. परक्या माणसाला पगडी म्हणजे पौर्वात्य साधू, एवढेच दिसते आणि त्या अज्ञानावर हा धंदा चालतो. याच अज्ञानाची दुसरी बाजू अधिक भयंकर आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातल्या मेसा शहरात एका शीख पेट्रोलपंपचालकाला त्याच्या पगडीपायी गोळ्या घालण्यात आल्या. ज्या पगडीची किंमत कोणी प्राणांनी मोजतो तिचे ठकबाजीचे दुकान करणाऱ्याविरुद्ध सर्वांत आधी आपण बोलायला हवे होते. आपण बोललो नाही.

परक्याला लुटायला विमानाने जावे लागते असेही नाही. पुष्करच्या घाटावर परदेशी पाहुण्याच्या हातात फुले देतात, तळ्याकाठी बसवून त्याच्या घरच्यांची नावे घेत मंत्र म्हणतात, मनगटाला लाल दोरा बांधतात आणि मग कुटुंबातल्या माणसागणिक दक्षिणा सांगतात. नाही म्हटले तर आईबापांच्या कल्याणाचा प्रश्न पुन्हा तयारच असतो. कळंगुटच्या किनाऱ्यावर कान साफ करणारा माणूस गोऱ्या प्रवाशाच्या कानातून 'खडा' काढून दाखवतो. तो खडा त्याच्या बोटांच्या बेचक्यात आधीपासून असतो. पुढच्या खड्यांचे पैसे वेगळे. शेजारच्या शॅकमध्ये बसलेले आपण हे बघतो आणि हसतो. अतिथी देवो भव असे पर्यटन खात्याच्या फलकांवर लिहिणारे आपणच.

हे लोक मन ओळखतात तरी कसे, असे शिकलेली माणसेही विचारतात. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन म्हणून एक कागद दिला. ते वर्णन किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सर्वांच्या कागदावर मजकूर एकच होता आणि तो फोररने भविष्याच्या एका पुस्तकातून उचलला होता. 'तुम्ही वरून कणखर दिसता पण आतून हळवे आहात' हे कोणाला लागू पडत नाही? आपल्या पुण्यातही परीक्षा झाली आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर आणि संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांनी सहकाऱ्यांसह १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या आणि ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन सांगितले, यातली कोणती कोणाची ते ओळखा. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगला निकाल ४० पैकी २४ बरोबर असा होता आणि सरासरी निम्म्याच्याही खाली राहिली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी यापेक्षा वाईट झाले नसते. २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये हा अभ्यास छापून आला. त्यानंतर किती मराठी वर्तमानपत्रांनी राशिभविष्याचा रकाना बंद केला? मला तरी एकही मोठे वर्तमानपत्र आठवत नाही.

सरकार आणि विद्यापीठे तर उलट्या दिशेने चालली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम काढायची मुभा दिली. शास्त्रज्ञ त्याविरुद्ध न्यायालयात गेले, पण २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निर्णय कायम ठेवला. २०२१ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने ज्योतिषात एम.ए. सुरू केले. उद्या सुखुमवितवरच्या माणसाने पाकिटातून पदवीचे प्रमाणपत्र काढून दाखवले तर थायलंडच्या पोलिसांना आपण काय सांगणार?

महाराष्ट्राला निदान कायदा केल्याचे समाधान आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, मग काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्यासाठी दाभोलकर वर्षानुवर्षे मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत होते. जिवंतपणी जे त्यांना दिले नाही ते त्यांच्या रक्तावर पाय ठेवून दिले गेले. आणि दिले तेही अर्धे. कोणत्या गोष्टींना कायदा लागू नाही, याची यादी कायद्यातच आहे. तिच्यात वास्तुशास्त्राचा सल्ला आहे आणि जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले ज्योतिषी व अन्य ज्योतिषी यांनी दिलेला सल्लाही आहे. नरबळी आणि अघोरी प्रकारांवर कायद्याने बोट ठेवले हे चांगलेच झाले. पण घराघरांतून रोज पैसा ओढणारी भीती त्याच्या कक्षेबाहेर ठेवली गेली.

नंदीबैलवाल्याचे नाव त्या यादीत घालणे म्हणजे गरिबाची कणव, असे कोणी म्हणेल. नंदीबैलवाले, कुडमुडे जोशी, पिंगळा या भटक्या जातींवर मी दात धरत नाही. जातीने त्यांच्या हाती दुसरे काही दिलेच नाही. जमीन नाही, शाळा नाही, गावात घर नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी भटक्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. पहाटे दारात येऊन मूठभर धान्यासाठी भविष्य सांगणारा पिंगळा आणि लाखाची पूजा सांगणारा दूरचित्रवाणीवरचा महाराज यांना एकाच ओळीत बसवून दुसऱ्याला पहिल्याच्या फाटक्या घोंगडीखाली लपवणे, हा खरा कावा आहे. पिंगळ्याला भविष्य सांगायची मोकळीक नको आहे. त्याच्या मुलीला वसतिगृहात जागा हवी आहे.

सुखुमवितच्या माणसालाही असाच काही इतिहास असेल. दलालाला देण्यासाठी काढलेले कर्ज, गावी वाट बघणारे घर, हाताला काम नाही. त्याच्या गरिबीची मला जाणीव आहे. पण त्याच फुटपाथवर पहाटेपासून झाडलोट करणारी, तळणीपुढे तासन्‌तास उभी राहणारी बाईही गरीबच असते. तिने कोणाच्या आईच्या मरणाची भीती विकलेली नसते.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. परदेशातल्या भारतीय भोंदूचे गिऱ्हाईक फक्त गोरा प्रवासी असतो, हा समज चुकीचा आहे. लंडनच्या साउथॉल-वेम्बलीत, न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये आपल्या लोकांच्या दुकानांत हँडबिले ठेवलेली असतात. रुसलेला नवरा परत आणू, मूल होईल, करणी काढू. तिथे फसते ती व्हिसाच्या टांगणीवर असलेली सून, नोकरी गेलेला इंजिनियर, मुले दूर गेलेली म्हातारी. ही माणसे पोलिसांकडे जात नाहीत, कारण आधी लोकांना सांगावे लागेल की आपण इंजिनियर असून फसलो. एकटेपणात कोणाशी तरी बोलायचे म्हणून गेलेल्या माणसाला हे लोक गाठतात. तिथली महाराष्ट्र मंडळे गणपती दणक्यात बसवतात, नाटके आणतात, दिवाळी अंक काढतात. पण आपल्या शहरातल्या या हँडबिलांबद्दल त्यांनी एक जाहीर सभा घेतली, असे ऐकायला मिळत नाही. उलट कार्यक्रमाला प्रायोजक म्हणून ज्योतिषाचार्यांची जाहिरात चालते.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. मूल पोटात असल्यापासून विधींच्या आणि ग्रहांच्या नावाने शेतकऱ्याच्या घरातले धान्य कसे ओढून नेले जाते, याचा त्यात एकेक करून हिशेब आहे. जवळपास दीडशे वर्षे झाली. हिशेबातल्या रकमा वाढल्या, वसुलीसाठी ॲप आले, आणि आता वसुली परदेशातही होऊ लागली.

म्हणून माझी मागणी परराष्ट्र खात्याकडे नाही. वकिलातीने चार माणसे पकडून परत आणली तर पाचवा उद्या विमानात बसेल. मागणी आहे ती मुंबईत, विधिमंडळाकडे. २०१३ च्या कायद्यात ज्योतिषी आणि वास्तुवाल्यांना दिलेली सूट काढा. भीती घालून पैसे घेतले तर त्याचा गुन्हा नोंदवण्याची तरतूद करा, मग घेणारा फुटपाथवरचा असो की दूरचित्रवाणीवरचा. संपादकांकडे मागणी आहे, उद्याच्या अंकातून राशिभविष्य काढा आणि वाचक किती तुटतात ते एक वर्ष बघा. आणि जे वाचक हा लेख वाचून मान डोलावतील त्यांनी घरातल्या पुढच्या लग्नात पत्रिका मागू नये आणि समोरून मागितली तर देऊ नये. त्या दिवशी घरातली वडीलधारी माणसे रागावतील, सोयरीक मोडेल अशी धमकी येईल. तरीही देऊ नये.