लेकराची भरपाई मागायला लाज कसली?

गारपिटीच्या पंचनाम्यासाठी आपण तलाठ्यामागे फिरतो, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण लेकरावर अत्याचार करून त्याची चित्रफीत मोबाइलवर फिरवली, की गावातले चार शहाणे म्हणतात, ‘इज्जतीचा प्रश्न आहे, मिटवून टाका.’ अहो, २०१२ च्या पोक्सो कायद्यात गुन्हा माहीत असून न कळवणे हाही गुन्हाच आहे! २०२० च्या नियमांनुसार गुन्हा नोंदल्यावर विशेष न्यायालय केव्हाही अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकते. निकालापर्यंत थांबावे लागत नाही. आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही, तरी भरपाई मिळू शकते. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे सरकारने द्यायचे. सरपंच, पोलीसपाटलांनी हे आईबापाला सांगावे, अर्जासाठी सोबत जावे. मात्र लेकराचे नाव चावडीवर निघता कामा नये.