केक नको, संडास बांधा

जयंती जवळ आली, पुढाऱ्याचा वाढदिवस आला, की आपल्या मंडळांना अनाथाश्रम आठवतो. फळांच्या करंड्या, केक आणि वह्यांचे गठ्ठे जीपमध्ये टाकून कार्यकर्ते निघतात. मुलांना रांगेत उभे केले जाते, एका केळ्यावर सहा मोठ्या माणसांचे हात ठेवून फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी तो पेपरात झळकतो. पोरांना त्या दिवशी तीन वेळा गोड मिळते. संडासाचे मोडके दार, गळके छत आणि एका गादीवर दोघे झोपणारी मुले मात्र होती तिथेच राहतात.

बांधवहो, या मुलांना काय हवे आहे, हे आपण मनाने ठरवायचे कारण नाही. कायद्याने ते लिहून ठेवले आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ आणि त्याखालचे केंद्राचे २०१६ चे आदर्श नियम काढून पाहा. दहा मुलांमागे किमान एक न्हाणीघर, सात मुलांमागे किमान एक संडास आणि झोपायला दर मुलामागे साधारण चाळीस चौरस फूट जागा. म्हणजे पन्नास मुलांच्या बालगृहात आठ संडास आणि पाच न्हाणीघरे हवीत. आपल्या तालुक्यातल्या बालगृहात जाऊन एकदा मोजा. वर्गणीचे पावतीपुस्तक छापण्याआधी हे मोजणे झाले पाहिजे.

कुणी म्हणेल, ही जबाबदारी सरकारची आहे. शंभर टक्के आहे. वकील म्हणून मी ती कधीही माफ करणार नाही. पण सरकार देते किती? मिशन वात्सल्यच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत बालगृहातल्या एका मुलाच्या पालनपोषणासाठी महिन्याला ३,००० रुपये धरले आहेत. दिवसाचे शंभर! त्यात दोन वेळचे जेवण, दूध, कपडे, साबण, वह्या सारे आले. तेही वेळेवर हातात पडेल याची खात्री नाही. न्यायालयात जाता येते, जावेही. परंतु तारखेवर तारीख पडत असताना पावसाळा काही थांबत नाही. म्हणून एका हाताने जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार आणि दुसऱ्या हाताने निधी, अशी दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील. निधी गोळा झाला म्हणून तक्रार मागे घेऊ नका. तसे केले की सरकार सुटते आणि समाज कायमचा वर्गणीदार होतो.

निधी मागण्याची लाज वाटणाऱ्यांसाठी एक आठवण. १८७६-७७ च्या दुष्काळात जोतीराव फुले व त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी पुण्याजवळ धनकवडीला उपाशी मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला आणि मे १८७७ मध्ये मदतीसाठी जाहीर पत्रक काढले. ज्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, एका विधवेचा मुलगा यशवंत याला दत्तक घेऊन डॉक्टर केले, त्यांना पोरक्या मुलांसाठी लोकांपुढे हात पसरताना कमीपणा वाटला नाही. आपल्याला का वाटावा?

मात्र मागायचे कसे, याला मर्यादा आहेत. मुलांचे चेहरे फ्लेक्सवर लावून, त्यांच्या आईबापांच्या मरणाच्या कहाण्या माईकवरून सांगून पैसा उभा करायचा नाही. अधिनियमाच्या कलम ७४ ने अशा मुलांची ओळख उघड करणे, फोटो छापणे हा गुन्हा ठरवला आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्याचे सोडा, उद्या हेच पोर कॉलेजात गेल्यावर त्याच्या हाती तो फोटो पडला तर? फोटो छापायचाच असेल तर फुटक्या संडासाचा छापा. तो जास्त बोलतो.

पैसे देण्याआधी कलम ४१ खालचे नोंदणी प्रमाणपत्र मागा. नोंदणीविना बालगृह चालवणे हाही गुन्हा आहे. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे लेखापरीक्षित हिशेब द्यावा लागतो, तो पाहा. नुसते ‘मुलांच्या कल्याणासाठी’ म्हणून पैसे देऊ नका. ‘चार संडास, दोन पाण्याच्या टाक्या’ असे काम लिहून घ्या आणि झालेल्या खर्चाचा कागद विहाराच्या फलकावर लावा. रोख टाळा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला आयकराची सवलतही मिळत नाही. आणि हो, नियमांत बालगृहातल्या मुलांच्या समित्यांची तरतूद आहे. बहुतेक ठिकाणी त्या कागदावरच असतात. आधी काय बांधायचे, ते त्यांना विचारा. मुली बहुधा पहिल्यांदा कडी मागतील, आतून लागणारी.

आणखी एक. या मुलांतली कितीतरी पोरकी नसतातच. बाप गेलेला, आई ऊसतोडीला नाहीतर धुण्याभांड्याला. केवळ पोट भरत नाही म्हणून तिने काळजावर दगड ठेवून पोर आश्रमात घातलेले असते. अशा आईसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपयांची. अर्ज, बापाचा मृत्यूदाखला, बाल कल्याण समितीचा आदेश, बँक खाते, एवढ्यात पोर घरी राहू शकते. त्यासाठी वर्गणी लागत नाही. चार खेपा घालणारा कार्यकर्ता लागतो, आणि फी न घेता अर्ज लिहून देणारा वकील. तालुक्याच्या कोर्टात आपले वकील आता बरेच आहेत.