दृश्याचा हक्क आणि त्याचा मोबदला

रस्ता सरकारच्या मालकीचा असतो. परंतु त्या रस्त्यावरून जे दिसते, ज्याच्यासाठी प्रवासी मुद्दाम वाट वाकडी करून येतो, ते बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असते. ही साधी वस्तुस्थिती आपल्या मार्गनियोजनात कोठेही दाखल नाही, आणि म्हणूनच रस्ता तयार होता होता त्याचे सौंदर्य नाहीसे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

या प्रश्नाचा विचार एका परदेशी प्रदेशात फार पूर्वी झाला. अमेरिकेत मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांच्या सीमेवरून मिसिसिपी नदी ज्या खोऱ्यातून वाहते, त्या प्रदेशाला शेवटच्या हिमयुगातील हिमनद्यांनी वळसा घातला. मात्र वितळत्या बर्फाच्या प्रचंड लोंढ्यांनी ते खोरे इतके खोल कोरले, की आज दोन्ही तीरांवर वालुकाश्म आणि डोलोमाइट यांचे कडे पाण्यापासून सुमारे ५०० फूट उंच उभे आहेत. मिनेसोटातील ला क्रेसेंट गावाजवळ या कड्यांच्या माथ्यावर सफरचंदाच्या बागा आहेत. वसंतातील निरभ्र रात्री थंड, जड हवा उतारावरून दरीत ओसरते आणि माथ्यावरचा बहर करपण्यापासून बचावतो, हे त्या स्थानाचे मर्म. १८५० च्या दशकात जॉन हॅरिस नावाच्या बागायतदाराने येथे लागवड आरंभिली, आणि कडक हिवाळ्यांनी झाडांमागून झाडे मारली तरी नवनव्या जाती लावून पाहण्याचा आपला उद्योग सोडला नाही. मे महिन्यात बहरलेल्या आणि सप्टेंबरात फळांनी लवलेल्या त्या बागांमधून जाणारा, मधूनच खाली नदीचे विस्तीर्ण पात्र दाखविणारा रस्ता रम्य आहे तो अशा पिढीजात कष्टांमुळे.

नदीकाठच्या राज्यांनी १९३८ साली एक आयोग स्थापून उगमापासून मुखापर्यंत महानदीमार्ग आखण्याचा संकल्प केला. संपूर्ण नवा उद्यानमार्ग बांधणे खर्चाच्या दृष्टीने अशक्य ठरले, तेव्हा अस्तित्वात असलेलेच रस्ते जोडून घेण्याचे ठरले. परंतु रस्ते जोडले तरी दृश्य कसे राखावे, हा प्रश्न उरलाच. विस्कॉन्सिनने १९५० च्या दशकाच्या आरंभी त्याचे उत्तर दिले. त्या राज्याने रस्त्यालगतची जमीन खरेदी न करता तिच्यावरील केवळ दृश्याचा हक्क रीतसर दस्तऐवज करून विकत घेतला. जमीन शेतकऱ्याचीच राहिली, नांगर आणि पीकही त्याचेच राहिले. त्याने मोबदला घेऊन मान्य केले ते एवढेच, की तेथे जाहिरातींचे फलक उभारायचे नाहीत, कचरा टाकायचा नाही, जुने वृक्ष तोडायचे नाहीत. हा करार जमिनीला चिकटलेला असल्यामुळे पुढील खरीददारावरही तो बंधनकारक झाला.

आता आपल्या कोकणाकडे पाहावे. रेवस ते रेड्डी या सागरी मार्गावरून दिसणाऱ्या खाड्या, जांभ्याचे कडे, सडे आणि हापूसच्या बागा यांचे गुणगान सर्वजण करतात. परंतु भूसंपादनाच्या दप्तरात मोबदला ठरतो तो रस्त्याखाली गेलेल्या जमिनीचा. रस्ता सुधारला की लगतच्या जमिनीचे भाव चढतात, आणि कलमे राखणाऱ्यापेक्षा ती तोडून भूखंड पाडणारा शहाणा ठरतो. त्यासाठी बागायतदाराला दोष देणे अन्यायाचे आहे. ज्या सौंदर्यावर इतरांचा व्यवसाय चालतो, ते त्याने फुकट का सांभाळावे?

म्हणून माझी सूचना अशी, की निसर्गरम्य मार्गाच्या आराखड्याबरोबरच त्यावरील प्रमुख दृश्यस्थळांची मोजणी व्हावी. ज्या खातेदारांची संमती असेल त्यांच्याकडून शासनाने दृश्याचा हक्क वाजवी मोबदला देऊन घ्यावा. आणि त्यासाठी आवश्यक तो कायदा करून त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या सदरात व्हावी. शेतकऱ्याला आधीच चिंता थोड्या नाहीत, त्यात हे बंधन कशाला, असा आक्षेप येईल; परंतु संमतीवाचून बंधन नाही आणि मोबदल्यावाचून संमती नाही, हे तत्त्व पाळले तर हा करार बागायतदाराला एक जादा उत्पन्नच मिळवून देईल. खर्चाचा आक्षेपही टिकणारा नाही, कारण जमिनीचे स्वामित्व घेण्यापेक्षा तिच्यावरील एक मर्यादित हक्क घेणे स्वभावतःच स्वस्त असते. करार झाल्यावर त्याची देखरेख मात्र वर्षानुवर्षे करावी लागेल, आणि त्यासाठी अंमलदार नेमावे लागतील.

पर्यटनाच्या नावाने रस्त्यांवर जो प्रचंड निधी मंजूर होतो, त्यातील एक अल्प हिस्सा या कामासाठी राखून ठेवावा. ज्या बागेकडे पाहण्यासाठी रस्ता केला, ती बाग टिकवणाऱ्याचा वाटा त्या रस्त्याच्या अंदाजपत्रकात असलाच पाहिजे.